ठोकळा कुणी हलवला

३ डिसेंबर १९९३

अखेर क्लबाला शहाणपण सुचलं. आज दुपारी लॉइस खाटीक, म्हणजे आमच्या क्लबाचा अध्यक्ष, सुरा पुसत दुकानाबाहेर आला आणि म्हणाला, “पोस्टमास्तर, जानेवारीत आपल्या तीन देशांच्या चषकाचं चाळिसावं वर्ष. यजमान आपण. स्पर्धेचा इतिहास म्हणून एक छोटं पुस्तक काढायचंय. लिहिशील?”

मी विचाराला एक दिवस मागितला. ‘हो’ तोंडापर्यंत आलं होतं, पण लगेच होकार दिला की लोकांना वाटतं माणूस रिकामा आहे. निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली; रिकामा आहे हे खरंच, पण ते त्यांनी कशाला म्हणावं?

घरी येऊन बुर्गीला सांगितलं. बुर्गी माझी धाकटी बहीण. आम्ही दोघंही बिनलग्नाचे, त्यामुळे घर तिच्या ताब्यात आणि मीही. ती म्हणाली, “बेर्टल, इतिहास लिहितोयस तर पहिल्या वर्षापासून लिहावं लागेल.”

“अर्थात!”

“हं,” एवढंच म्हणाली.

८ डिसेंबर

सुट्टी. बुर्गी नाताळची बिस्किटं भाजत होती, मी प्रस्तावनेला हात घातला. उद्या कुणी व्हिएन्नाच्या माणसाने पुस्तक उघडलं तर त्यालाही कळावं म्हणून खेळ समजावून सांगितला: ‘गोठलेल्या तळ्यावर एक लहान लाकडी ठोकळा ठेवतात. चौघाचौघांचे दोन संघ आपापले स्टॉक, म्हणजे उभ्या मुठीच्या जड चकत्या, बर्फावरून घसरवतात. ज्याचा स्टॉक ठोकळ्याच्या सर्वांत जवळ थांबेल तो जिंकला. हरलेल्यांनी सगळ्यांना भाजलेल्या डुकराचं जेवण घालायचं.’

मोठ्याने वाचून दाखवलं. बुर्गी म्हणाली, “व्हिएन्नाचा माणूस एवढं वाचून थेट जेवणाच्या पानावर जाईल.”

तिला गद्याची जाण नाही.

१४ डिसेंबर

माहिती गोळा करायला गावात फिरलो. लोकांचं काही कळत नाही. एरवी चोपन्न सालच्या पहिल्या स्पर्धेचा विषय निघाला की तावातावाने बोलणारी माणसं वही उघडली की मूग गिळून बसतात.

हकीकत तर सोपी आहे. महायुद्धानंतर पहिल्यांदाच सीमेपलीकडचे बव्हेरियाचे जर्मन लोक आमच्या टिरोलमधल्या तळ्यावर खेळायला आले. दक्षिण टिरोलचे इटलीवालेही आले. अंतिम सामना आमचं सांक्ट कोलमान विरुद्ध बव्हेरियाचं हिंटराख. शेवटचा स्टॉक आमच्या विन्सेंझचा. तो असा थांबला की ठोकळ्यापासून वीतभरसुद्धा अंतर नाही. गाव नाचायला लागलं. मोजणीदार मी, वय सत्तावीस. धावतच गेलो, मोजलं, तर हिंटराखचा स्टॉक दोन बोटं जवळ! ठोकळाच सरकला होता. शेजारी उभा होता हिंटराखचा कोर्बिनियान राइनर. त्यानेच बुटाने सरकवला हे उघड होतं, आणि विन्सेंझने ते ओरडून सांगितलंही. पण पाहिलं कुणी? आकडा तो आकडा. मी सही केली आणि चषक पलीकडे गेला. तेव्हापासून आमच्या गावात त्या माणसाला ‘बूट’ म्हणतात.

लॉइसला विचारलं, “तू तेव्हा वीस वर्षांचा होतास, जवळच उभा होतास. काय पाहिलंस?”

“मी? मी जेवणाकडे पाहत होतो. पोस्टमास्तर, तू जेवणाचं लिही. त्या वर्षीचं डुक्कर माझ्या बापाने कापलं होतं. काय डुक्कर होतं!”

विन्सेंझची विधवा रोझिना म्हणाली, “कशाला खोलात शिरतोस रे? गेले बिचारे. शेवटच्या आजारातसुद्धा म्हणत होते, बेर्टलला काही सांगू नका.”

“काय सांगू नका?”

“असंच. ग्लानीत होते.”

ग्लानीत माणूस काहीही बोलतो. वगळलं.

१९ डिसेंबर

पहिलं प्रकरण पुरं झालं. बुर्गीला वाचून दाखवलं. ‘हिंटराखच्या राइनरच्या कपटी बुटाने’ इथे ती थांबवून म्हणाली, “हे छापणार?”

“इतिहास आहे.”

“तू पाहिलंस?”

“सगळं गाव सांगतं.”

“गावाचं नाही विचारलं. तू पाहिलंस का?”

मी खरं तेच सांगितलं: थंडीत धावल्यामुळे चष्म्यावर वाफ धरली होती, म्हणून तो काढून खिशात टाकला होता, बर्फ गुळगुळीत होतं, शेवटची दोन पावलं जरा घाईत पडली, पण मोजणी बिनचूक. त्या मोजणीला आजवर कुणी आव्हान दिलेलं नाही.

“नाही दिलं खरं,” बुर्गी म्हणाली. मग चुलीवरचं सूप ढवळत, “छप्पन साली तो आपल्या दारात आला होता. आठवतं?”

आठवत होतं. हातात मधाची बरणी होती. वडील घरी नव्हते. मीच त्याला उंबऱ्यावरून परत पाठवला होता, की असला माणूस आमच्या घरात पाय ठेवणार नाही. अजूनही मला त्याचा अभिमान आहे. बुर्गीला तसं म्हणालो. तिच्या हातून सूप उतू गेलं. अलीकडे तिचं लक्ष नसतं.

४ जानेवारी १९९४

दक्षिणेचा गरम वारा सुटलाय. छपरांवरून सारखं पाणी गळतंय. तळ्याच्या कडेला बदकं पोहताहेत. बदकं पोहणं हे आमच्या क्लबाला अजिबात शोभत नाही.

६ जानेवारी

क्लबाची तातडीची बैठक. स्पर्धा सोळा तारखेला आणि तळ्यावर बोटभर पाणी. लॉइस काठी घेऊन बर्फ तपासायला गेला तो गुडघ्यापर्यंत आत गेला. बैठकीभर पाय चुलीशी धरून बसला होता.

एकाच तळ्यावर बर्फ पक्कं आहे: हिंटराखच्या. ते डोंगराच्या सावलीत आहे, तिथे मार्चपर्यंत ऊन पोचत नाही. म्हणजे आमची चाळिसावी स्पर्धा ‘बुटा’च्या अंगणात! तोच आता तिथल्या क्लबाचा अध्यक्ष आहे. मागायला कोण जाणार? सगळे एकमेकांकडे पाहू लागले, आणि मग सगळे माझ्याकडे.

“तू इतिहासकार,” लॉइस म्हणाला. “इतिहास विचारायला म्हणून जा, आणि येता येता बर्फही मागून ये.”

घरी बुर्गीने माझा चांगला कोट न सांगता इस्त्री करून ठेवला. एवढा मान तिने मला कधी दिला नव्हता.

८ जानेवारी

हिंटराखला जाऊन आलो. दिवसाचं सगळं क्रमाने लिहितो.

कोर्बिनियान राइनर त्रेसष्ट वर्षांचा, सुतार. क्लबासाठी स्टॉकही तोच बनवतो. कार्यशाळाभर नाशपातीच्या लाकडाचा वास. मला पाहून हातातला रंधा खाली ठेवला आणि म्हणाला, “या, पोस्टमास्तर. चाळीस वर्षांनी का होईना, आलात.” मग पहिलाच प्रश्न: “बहिणीचा गुडघा कसा आहे?”

आमच्या घरचा गुडघा सीमेपलीकडे कसा पोचला कोण जाणे. बहुधा औषधवाल्याने सांगितलं असावं.

बर्फाचं विचारायला मी शब्द जुळवत होतो. त्याने पुरं बोलूही दिलं नाही. “घ्या की. बर्फ काय माझ्या बापाचं आहे? जेवणाचंही बघतो.” माझी पाचावर धारण बसली होती, ती अशी एका वाक्यात सुटली.

मग मी वही काढली आणि ताठ बसून विचारलं, “चोपन्न साली ठोकळा कुणी हलवला?”

तो उठला, खणातून एक फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. त्या दिवशी कुणी फिरता छायाचित्रकार आला होता म्हणे. नेमका तोच क्षण! मागे आमचे लोक हात वर करून ओरडताहेत. राइनर स्वतः तीन पावलं लांब, दोन्ही हात खिशात. आणि मधोमध लांब मफलरवाला एक तरुण बर्फावर उताणा पडलेला, टोपी नाकावर आलेली, आणि त्याची टाच थेट ठोकळ्याला भिडलेली.

“हा कोण गाढव?” मी म्हणालो.

राइनरला एवढं हसू आलं की त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला. “इतिहासकार तुम्ही. तुम्हीच शोधा. फोटो घेऊन जा. पण छापण्याआधी बहिणीला दाखवा.”

मी तसा प्रामाणिक माणूस आहे. पुरावा समोर आल्यावर मान तुकवलीच पाहिजे. राइनर निर्दोष आहे. पहिलं प्रकरण नव्याने लिहावं लागेल. आता त्या मफलरवाल्याचा शोध. त्यांच्याच गावचा असणार. इतका धांदरट माणूस आमच्याकडे नव्हता.

९ जानेवारी

बुर्गीला फोटो दाखवला. खूप वेळ पाहिला तिने. मग कोंबड्यांना दाणे टाकायला गेली, आल्यावर डोळे लाल. म्हणाली वारा लागला. वारा तर कालच पडलाय.

१० जानेवारी

लॉइसला फोटो दाखवून म्हणालो, हा मुखपृष्ठावर घेऊ. तो पांढराफटक पडला.

“पोस्टमास्तर, वर्षभराचं सॉसेज देतो, पण हा छापू नकोस.”

“का?”

“माझे केस वाईट दिसताहेत त्यात.”

मी फोटो नीट पाहिला. त्याला तेव्हाही फारसे केस नव्हते.

११ जानेवारी

तिकिटं तपासायचं भिंग घेऊन बसलो. मफलरच्या टोकाला तीन आडव्या पट्ट्या आणि एक चुकलेला टाका.

तो मफलर आईने विणलेला आहे. तो गाढव मी आहे.

१२ जानेवारी

जेवण गेलं नाही. सकाळीच लॉइसकडे गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. म्हणालो, “तुला माहीत होतं.”

“हो.”

“आणखी कुणाला?”

त्याने बोटं मोजायला सुरुवात केली, मग सोडून दिली. “पोस्टमास्तर, सोपं सांगतो. तुझ्याशिवाय सगळ्यांना.”

“मग राइनरचं नाव का घेतलं?”

“अरे, तू डोक्यावर आपटला होतास. उठलास आणि काही झालंच नाही अशा थाटात मोजायला लागलास. तुला आठवतच नव्हतं! महिन्याभरात तुझी पोस्टातली नेमणूक पक्की व्हायची होती. गावाला चषक गमवायला लावणारा माणूस म्हणून तुला आयुष्य काढावं लागलं असतं. विन्सेंझने त्याच क्षणी बुटाचं ओरडून टाकलं. आम्ही म्हटलं, चषक बव्हेरियावाले नेताहेतच, तर शिव्याही त्यांनीच न्याव्यात.”

मी त्याच्या ठोकळ्यावर, म्हणजे मांस तोडायच्या ओंडक्यावर, बसून राहिलो. चाळीस वर्षं अख्खं गाव मला सांभाळत होतं आणि मी मात्र सगळ्यांची पत्रं, पेन्शनी, पत्ते तपासत, कुणाची काय चूक झाली ते त्यांना सांगत फिरत होतो.

“हे घे,” म्हणून लॉइसने मला गरम यकृताच्या सॉसेजचा तुकडा दिला. तो मात्र खाल्ला.

१६ जानेवारी

हिंटराख. कडाक्याची थंडी, बर्फ काचेसारखं. तिन्ही संघ आले. इटलीवाले नेहमीप्रमाणे हॅम आणि तांबडी वाइन घेऊन. ते चाळीस वर्षं तिसरे येतात आणि सगळ्यांत आनंदात असतात.

लॉइस उद्घाटनाचं भाषण करणार होता. मी त्याच्या हातून ध्वनिक्षेपक घेतला. रात्रभर वाक्यं रचली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. म्हणालो, “चोपन्न साली ठोकळा मी हलवला. घसरून पडलो आणि टाच लागली. तो चषक सांक्ट कोलमानचा होता आणि तो माझ्यामुळे गेला. राइनरांनी काहीही केलं नव्हतं. आम्ही त्यांना नको ते नाव ठेवलं. मी सगळ्यांची माफी मागतो. बव्हेरियाची, टिरोलची, इटलीची, सगळ्यांची.”

कुणी हसेना. मला वाटलं, आता हे तळंच फुटून मला पोटात घेईल तर बरं. तेवढ्यात रोझिना मागून ओरडली, “देवा रे, कळलं एकदाचं याला!” आणि मग जो हशा उठला तो समोरच्या डोंगरावरून परत आला.

राइनर पुढे आला. “तुमचाच चषक असेल तर घेऊन जा. आमच्याकडे क्लबात त्यात चमचे ठेवतात.”

“चमचे काढून द्याल ना?” लॉइस म्हणाला.

इटलीवाल्यांचा म्होरक्या म्हणाला, “दोघांचं जमत नसेल तर आम्हाला द्या.”

त्यांना तो द्यावा लागला नाही. आमचे आणि बव्हेरियाचे खेळाडू दिवसभर चोपन्न सालाची उजळणी करत हसत खिदळत राहिले, कुणाचा स्टॉक कुठे चालला होता त्याचा पत्ता नव्हता, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच इटलीवाले जिंकले. ते स्वतःच एवढे गोंधळले की त्यांनी गुण दोनदा मोजायला लावले.

मला फार हलकं वाटलं. सगळे पाठ थोपटत होते. फक्त बुर्गी हसली नाही. परतताना गाडीत सबंध वाट खिडकीबाहेर पाहत होती. दमली असेल.

१७ जानेवारी

दमली नव्हती.

सकाळी माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि उभीच राहिली. “काल तू तीन देशांची माफी मागितलीस. इटलीवाल्यांचीसुद्धा. त्यांचा काय संबंध होता?”

“ओघात आलं.”

“माझी राहिली.”

मग तिने सांगितलं. चोपन्न साली सामन्यानंतर आठवड्याने ती सायकलवरून हिंटराखला गेली होती, एकोणीस वर्षांची पोरगी, एकटी. छायाचित्रकाराने फोटो कोर्बिनियानला पाठवला होता आणि तो आमच्या गावात येऊन दाखवणार होता. तिने विनवणी केली: माझ्या भावाची नोकरी जाईल, गावालाही मग पांघरूण घालता येणार नाही. त्याने फोटो खणात टाकला. अट एकच घातली, की तिने पत्र लिहीत जावं.

“आणि छप्पन साली तो मध द्यायला नव्हता आला, बेर्टल. मला मागणी घालायला आला होता. मध हातात होता, एवढंच.”

मी कॉफीत दुसऱ्यांदा साखर टाकली.

“वडिलांना मी नंतर सांगून पाहिलं. खरं माहीत असून, तुला कळू नये म्हणून, तेही तुझेच शब्द बोलले, की असला माणूस घरात नको. दोन वर्षं वाट पाहून त्याने लग्न केलं. बायको चांगली होती. माझी पत्रं तिलाही दाखवायचा. खाली ती स्वतःच्या दोन ओळी लिहायची. पाच वर्षांपूर्वी गेली.”

“पत्रं,” मी म्हणालो. “आमच्या पोस्टातून?”

“मग काय कबुतरं होती? तूच शिक्के मारायचास. एकदा विचारलंससुद्धा, हिंटराखला कोण एवढं लिहितंय म्हणून. मी म्हटलं, विणकामाचे नमुने.”

मी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणालो, “बुर्गी, मला माफ कर.”

“बघते. चाळीस वर्षांचं आहे, एका सकाळीत कसं होईल? आधी बटाटे सोल. मी उद्या हिंटराखला जाणार आहे. सूप करून ठेवते, गुरुवारपर्यंत पुरेल. त्यापुढचं तुझं तू शिक.”

मी बटाटे सोलले. जाड सोलले म्हणून ओरडली. तेवढं बरं वाटलं.

१८ जानेवारी

बुर्गी उजाडायची वाट न पाहता बसच्या वेळा शोधत होती. मी म्हणालो, मी सोडतो. सोडलं. तो फाटकाशी उभा होता, बहुधा बराच वेळ. खांद्यांवर बर्फ साचलं होतं. तिची पेटी त्याने घेतली. मी गाडीतून उतरलो नाही. उतरायचं होतं, पण या वेळी तरी मध्ये पडू नये असं वाटलं.

२० जानेवारी

सूप संपलं. स्वतः केलं. दोनदा मीठ पडलं. लॉइस सॉसेज घेऊन आला, एक घोट घेतला, आणि वाडगा सारून पाव पुढे ओढला.

संध्याकाळी बुर्गीचा फोन. शनिवारी येणार होती, आता येत नाही. तिकडे बायकांचा सामना आहे आणि हिने नाव दिलंय. गुडघ्याचं काय, म्हटलं. “गुडघा बरा आहे. ऐक. रविवारी कोर्बिनियानच्या संघात चौथा माणूस नाही, एकाची कंबर धरलीय. तो विचारतोय, तू खेळशील का?”

“मी? बव्हेरियाकडून?”

“तू.”

जन्मभर मी फक्त मोजलं. कधी स्टॉक हातात धरला नाही. फोनवर हात ठेवून लॉइसला म्हणालो, “गाव काय म्हणेल?”

“काय म्हणणार? पोस्टमास्तर पुन्हा पडणार म्हणून सगळं गाव बस करून बघायला येईल. पहिलं तिकीट माझं.”

२३ जानेवारी

खेळलो.

पडलो नाही. पहिले दोन स्टॉक कुठच्या कुठे गेले; एक तर थेट बाकावर बसलेल्या रोझिनाच्या पिशवीत शिरला. कोर्बिनियान माझ्या शेजारी येऊन म्हणाला, “मनगट सैल सोड, बेर्टल. शिक्का मारतोयस असं नको.” मी त्याला ‘तू’ म्हणावं की ‘तुम्ही’ हे सकाळपासून ठरत नव्हतं. म्हटलं, “तूच दाखव मग.” त्याने दाखवलं.

तिसरा स्टॉक सुटला. चांगला सुटला, हे हातालाच कळलं. घसरत घसरत गेला, हळू झाला, ठोकळ्याकडे वळला आणि थांबला. मोजायला मी जागचा हललो नाही. मोजणारा दुसरा होता; त्याने चार बोटं दाखवली. आम्ही हरलोच शेवटी, जेवण आम्हीच घातलं, त्यातलं डुक्कर लॉइसचं.

पण त्या चार बोटांच्या वेळी काठावरून एक किंकाळी आली. मला वाटलं कुणी तरी पडलं. वळून पाहिलं तर बुर्गी बाकावर उभी, टोपी हातात, आनंदाने ओरडत होती. मी सदुसष्ट वर्षांचा आहे आणि ती एकोणसाठ वर्षांची. तिचा एवढा मोठा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.